गावातल्या घरी मीडिया आणि स्टोरेज सर्व्हरसाठी कोणतं हार्डवेअर घ्यावं?

तुम्ही विचारलंय की बजेट 25 हजार आहे, तर रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) घ्यावा, जुना पीसी घ्यावा की दोन डिस्कचा तयार नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवायचा डबा). पुढे लिहिलंय, 'नॅसमध्ये रेड असतं, म्हणजे बॅकअपची काळजी मिटली ना?' हे वाक्य वाचलं म्हणून उत्तर लिहायला बसले. रेड म्हणजे एकाहून जास्त डिस्क एकत्र जोडून चालवणं, त्यानं काळजी मिटत नाही.

माझं सासर आर्वी तालुक्यातलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं खंजिरी वाजवायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मंडळ दरवर्षी नदीपलीकडे मोझरीला जायचं. त्या भजनांच्या 58 कॅसेट घरात होत्या. त्या मी एकेक करून लॅपटॉपवर उतरवल्या. 60 मिनिटांच्या कॅसेटला 60 मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही. दुपारी वावरातून आलं की आधी स्पिरिटच्या कापसानं प्लेअरचं हेड पुसायचं, मग कॅसेट लावायची. दोन भजनांच्या मधे कुत्रं भुंकायचं, कुणी खोकायचं, आणि मामाजींचा आवाज यायचा, "ताल धरा बापा हो."

माझे दीर पुण्याला असतात, कॉम्प्युटरमधलेच आहेत. दिवाळीत त्यांनी दोन डिस्कचा नॅस आणून बसवला. रेड 1, म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच. मी म्हटलं, भाऊजी, आधी व्होल्टेज कट-ऑफ (व्होल्टेज फार चढलं-उतरलं की वीज तोडणारं यंत्र) बसवू आणि एक डिस्क वेगळी काढून ठेवू. ते म्हणाले, "वहिनी, एक मेली तरी दुसरी आहेच." मी तरीही तेव्हा होतं तेवढं सगळं 1 टीबीच्या डिस्कवर घेतलं आणि ती कोठीत ठेवली. नंतर मात्र मीही निर्धास्त झाले. मामाजी आजारी असताना भजनांच्या चाली कुठून आल्या ते सांगत होते, त्याची दोन रेकॉर्डिंग मी फोनवर केली, नॅसवर टाकली आणि फोन भरला म्हणून फोनमधली पुसली. एप्रिलमध्ये मामाजी गेले.

जूनमध्ये वादळात लिंबाची फांदी तारांवर पडली आणि डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल (परतीची तार) तुटला. न्यूट्रल तुटला की तीन फेजवरच्या घरांना 230 मिळत नाही. ज्या फेजवर लोड कमी, तिथं व्होल्टेज चढतं, पार 400 च्या जवळ जाऊ शकतं. बल्ब पांढराफट्ट झाला, पंखा सुसाट सुटला, आणि मी मेन पाडेपर्यंत नॅसच्या ॲडाप्टरमधून टप् असा आवाज आला. दोन्ही डिस्क गेल्या, कारण दोन्हींना वीज त्या एकाच ॲडाप्टरमधून जात होती. तसल्याच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड (खालची सर्किटची पट्टी) लावून पाहिला, तर डिस्क उघडलीच नाही. त्या त्या डिस्कची खास माहिती बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असते, ती चिपही काढून लावावी लागते, हे नंतर कळलं. तोवर डिस्क दोन जणांच्या हातून गेली होती. कोठीतल्या डिस्कमुळे कॅसेटमधलं सगळं परत उभं राहिलं. मामाजींची ती दोन रेकॉर्डिंग नाही आली.

म्हणून रेड म्हणजे बॅकअप नाही. चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं, आणि वीज मारते तेव्हा दोन्हींना मारते. रेडचा उपयोग एवढाच, की एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. तुमच्या घरचे सिनेमे दोन दिवस बंद राहिले तर काय बिघडणार आहे? दुसरी डिस्क नॅसच्या डब्यात घालू नका, बाहेर वेगळी ठेवा.

आता तुमचं हार्डवेअर. वापरलेला मिनी पीसी घ्या, इंटेल सातव्या पिढीचा किंवा पुढचा. तिथून पुढे 10 बिट एचईव्हीसी (नव्या पद्धतीनं दाबून लहान केलेला) व्हिडिओ चिपमधला व्हिडिओचा खास भागच उलगडतो, प्रोसेसर घामाघूम होत नाही. 8 जीबी रॅम, सिस्टिमसाठी छोटी एसएसडी, वर जेलीफिन (घरचे सिनेमे-गाणी टीव्हीवर, फोनवर दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर). साठवणीसाठी स्वतःचा ॲडाप्टर असलेली 3.5 इंची डिस्क. सगळं मिळून 20 वॉट धरलं तर महिन्याला 14-15 युनिट. जुना मोठा पीसी 60 वॉट खात असेल तर 43 होतात. रास्पबेरी पाय 5 मध्ये व्हिडिओ एन्कोडरच (व्हिडिओ दुसऱ्या रूपात बदलणारा चिपचा भाग) नाही, त्यामुळे फोनसाठी व्हिडिओ बदलून पाठवायचा तर तो धापा टाकतो.

त्याआधी मेन बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ बसवा. सर्व्हर साईन वेव्ह इन्व्हर्टरवर घ्या आणि त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. त्या मोडमध्ये साधारण 180 ते 260 च्या बाहेर गेलं की तो बॅटरीवर जातो. दुसऱ्या मोडमध्ये 100 ते 290 पर्यंतचं सरळ आत सोडतो. अर्थिंगचं पाणी उन्हाळ्यात चुकवू नका, आपली काळी माती भेगाळली की पाइपाला धरत नाही. आणि मे महिन्यात सर्व्हर टिनाच्या खोलीत किंवा बंद कपाटात नको. डिस्क 50 अंशांवर गेली तर मोठी कॉपी रात्रीवर टाका.

एक सांगायचं राहिलं. घरात एकच टीव्ही असेल आणि तो फाइल आहे तशी चालवत असेल तर पाय 4 सुद्धा पुरतो, उरलेले पैसे डिस्कला लावा. आणि रेड वाईट नाही. घरात धंद्याचं काम चालत असेल तर जरूर लावा, बाहेरची डिस्क झाल्यावर.

भाऊजी, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. दिवाळीला येताना 4 टीबीची एक डिस्क आणा. मी भरून देते. ती पुण्याला तुमच्या कपाटात राहील, कशालाही न जोडता.