मनाई केली, तरी पान दिसतंच

प्रश्न: वेबसाइटवरच्या जुन्या नोंदींचा फोल्डर गूगलमध्ये येऊ नये म्हणून मी रोबोट्स डॉट टीएक्सटी या, सर्च इंजिनांसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये त्याला 'डिसअलाउ' (मनाई) लावलं. तीन महिने झाले, त्यातली दोन पानं अजून सर्चमध्ये येतात. वर्णन नाही, नुसती लिंक. पानांत 'नोइंडेक्स' (यादीत घेऊ नका) ही सूचनाही टाकली. गूगल ऐकत का नाही? सभासदांच्या पत्त्यांचा फोल्डरही असाच झाकायचा विचार आहे.

उत्तर: ऐकतंय हो, तिथेच तर घोळ आहे! आत यायचं नाही असं तुम्ही क्रॉलरला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामला बजावलंत, तो आला नाही. पण त्या पानांची लिंक दुसऱ्या कुणीतरी दिलेली असणार. तेवढ्यावर गूगल पत्ता नोंदवून ठेवू शकतं. पान वाचलेलंच नाही, तर वर्णन कुठून येणार? आणि नोइंडेक्स लिहिलंत कुठे, तर पानाच्या पोटात. उघडायचीच बंदी असलेल्या पानातली सूचना तो वाचणार कशी?

तेव्हा डिसअलाउची ओळ काढा, नोइंडेक्स राहू द्या. क्रॉलर पुन्हा फिरकला की पान यादीतून जाईल, कधीकधी त्याला काही आठवडेही लागतात. नोंदींत पीडीएफ असतील तर त्यांत नोइंडेक्सची ओळ (मेटा टॅग) बसत नाही, तिथे सर्व्हरकडून फाइलसोबत एक्स-रोबोट्स-टॅग हा हेडर, म्हणजे तीच सूचना पाठवावी लागते. रोबोट्स फाइलमध्येच नोइंडेक्स लिहायचा जुना सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. 1 सप्टेंबर 2019 पासून गूगल तो मानत नाही.

सभासदांचे पत्ते मात्र या फाइलच्या भरवशावर अजिबात ठेवू नका. ती फाइल कुणालाही ब्राउझरमध्ये उघडून वाचता येते, म्हणजे झाकायच्या फोल्डरचं नाव तुम्हीच जाहीर करणार! 1994 साली मार्टाइन कोस्टर यांनी सुचवलेला हा संकेत 2022 मध्ये आरएफसी 9309 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात रीतसर प्रसिद्ध झाला. त्यातही स्पष्ट म्हटलंय, की हे नियम म्हणजे कुलूप नव्हे. सभ्य क्रॉलर पाळतात, बाकीचे नाही. पत्त्यांना पासवर्ड लावा.

फाइल बदलताना तिरक्या रेघेकडे (/) नीट बघा. चाचणीच्या साइटवर मी 'डिसअलाउ' पुढे नुसती एक रेघ ठेवली होती, म्हणजे सगळ्याच पानांना मनाई. तीच फाइल चालू साइटवर चढली आणि आठवडाभर मी सर्व्हरवाल्यांशी भांडत बसले. दुरुस्तीनंतरही थोडं थांबा. फाइलची जुनी प्रत गूगल साधारण 24 तासांपर्यंत वापरतं.