पणजीच्या म्युनिसिपल बागेतील सिंहस्तंभाच्या जागी पूर्वी कोणाचा पुतळा होता?

पणजीच्या चर्चसमोरील ज्या बागेविषयी आपण विचारले आहे, तिच्या मधोमध उभ्या असलेल्या स्तंभावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता. गामा 1498 मध्ये भारतात पोहोचला. त्या घटनेला चारशे वर्षे झाल्यानिमित्त हा स्तंभ उभारण्यात आला होता. गोवा 1961 मध्ये मुक्त झाल्यावर अर्धपुतळा काढून तेथे अशोकाची सिंहमुद्रा बसवली गेली, स्तंभ मात्र कायम राहिला. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण शहराच्या मध्यभागी कोणाला मान द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार त्या शहरातील लोकांचाच आहे.

बागेला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे, आणि माझ्या मते ते अधिक मोलाचे आहे. या पोर्तुगीज वैद्याने भारतीय औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. तो मूळचा ज्यू वंशाचा होता; गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याच्या मृत्यूनंतर, 1580 मध्ये, इन्क्विझिशनने (कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाने) त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. बागेत बसणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आझाद मैदानावरील, गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्क याचा पुतळाही असाच हलवला गेला; तो आता जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात पाहता येतो. जुन्या सचिवालयाशेजारील आबे फारियाचा पुतळा मात्र पोर्तुगीज काळातील, 1945 चा असूनही जागेवरच आहे, कारण संमोहनशास्त्राचा पाया घालणारा फारिया आपल्या कांदोळीचा होता आणि शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत हेही गोमंतकीयच होते.