तपासण्या नॉर्मल आहेत, तरी जुनी पाठदुखी बरी होता होता पुन्हा वाढते. उपचार लागू पडत नाहीत असे समजावे का?

नाही, दुखणे मध्येच उसळले एवढ्यावरून उपचार लागू पडत नाहीत असे म्हणता येत नाही. अशा दुखण्यातील सुधारणा दिवसांत नव्हे, तर महिन्यांत मोजावी लागते. वेदना दीर्घकाळ राहिली की मज्जारज्जू आणि मेंदू अतिसंवेदनशील होऊ शकतात आणि मग साध्या हालचालीलाही धोक्याचा इशारा उमटू लागतो. मज्जारज्जूतील असा बदल वेदनेचे संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगातून दाखवला होता. ही संवेदनशीलता हळूहळूच ओसरते, आणि झोप बिघडली, ताण वाढला किंवा बरे वाटले त्या दिवशी साठलेली सगळी कामे एकदम उरकली (हे कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही), तर ती पुन्हा डोके वर काढते. म्हणून सकाळी डोळे उघडताच कुशीवर वळून ‘आज किती दुखते’ हे चाचपणे सोडावे, कारण त्या पहाऱ्यानेच दुखण्याकडे लक्ष खिळून राहते. त्याऐवजी सलग किती वेळ बसता आले, किती चालता आले, याची आठवड्यातून एकदा नोंद ठेवावी. मात्र पायातील ताकद कमी होणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, ताप येणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे यांपैकी काही नव्याने दिसल्यास धीर धरत बसू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.