भिंतींवरची चित्रं आणि सिनेमाची पोस्टरं यांतून देशाची ओळख खरंच दिसते का, की ती नुसती सजावट असते?

दिसते. पण आधी गल्लीची ओळख म्हणून दिसते, आणि तिथं ती खरी उतरली तरच पुढं देशाची म्हणून टिकते. मी कोल्हापूरची. वडील बोर्ड पेंटर होते, मीही भिंती रंगवते. त्यामुळं जे हाताखालून गेलंय आणि जे घरात ऐकत आले, तेच सांगते.

आमच्या शिवाजी चौकात पूर्वी मुंबईचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. १९४२ च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो भर चौकात विद्रूप केला. पुढं तो फोडला गेला, आणि १९४५ मध्ये त्याच जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. परक्या सत्तेचं राज्य अजून संपलं नव्हतं, पण चौकात कुणाचा चेहरा असावा हे गावानं ठरवून टाकलं होतं. लहानपणी वडिलांनी मला हे त्या पुतळ्यासमोर उभं करूनच सांगितलं.

तो पुतळा घडवला बाबूराव पेंटरांनी. आडनाव मेस्त्री, पण रंगकामावरून लोक ‘पेंटर’ म्हणू लागले आणि तेच नाव राहिलं. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. पडदा, पोस्टर, पुतळा, सगळं एकाच हातातून आलं. याच परंपरेतले जी. कांबळे. त्यांचं आयुष्य सिनेमाची बॅनर रंगवण्यात गेलं, आणि राज्य शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलेलं शिवाजी महाराजांचं चित्रही त्यांचंच. शाळेच्या, कचेरीच्या भिंतीवर जो चेहरा बघत आपण मोठे झालो, तो पोस्टर रंगवणाऱ्या माणसाच्या कुंचल्यातून आलाय. हे मला फार मोलाचं वाटतं. ‘लोकप्रिय’ म्हणजे हलकं, असं कुणी म्हणालं की मी हेच उदाहरण देते.

देशाच्या पातळीवरचं माझं आवडतं उदाहरण गुजरातेतल्या हरिपुऱ्याचं. १९३८ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. त्यांनी आणि सोबतच्या कलावंतांनी शेकडो चित्रं काढली. ढोल वाजवणारा, कापूस पिंजणारा, घरकामात गुंतलेल्या बाया. ही चित्रं दालनात टांगली नाहीत, अधिवेशनाच्या कमानींवर आणि मंडपांवर लावली, जाता-येता खेडूतांना दिसावीत म्हणून. देश काढायला सांगितला तर त्या माणसानं पिंजारी काढला! मेक्सिकोत १९२० च्या दशकात रिव्हेरा, ओरोझ्को, सिकेरोस या चित्रकारांनी सरकारी इमारतींच्या भिंतींवर हेच केलं. म्हणजे सरकारच्या सांगण्यावरून काढलं तर चित्र मरतंच, असंही नाही.

चित्र मरतं ते कुठं, हे मात्र मी भोगलंय. एका सुशोभीकरणाच्या कामात कंत्राटदारानं मला छापील नमुना दिला: मोर, कमळ, वारली बाहुल्या, मध्ये तिरंगा. तोच नमुना शेजारच्या गावातही रंगवला जात होता. महिना राबले, आणि पुढच्या वर्षी त्या मोरावर क्लासच्या जाहिराती चिकटल्या. कुणालाच वाईट वाटलं नाही, कारण तो मोर कुणाचाच नव्हता.

त्यानंतर एका तालमीची भिंत मिळाली. खाशाबा जाधव हवेत, म्हणाले. १९५२ चं हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि माणूस कोल्हापुरात शिकलेला. चौकटी आखून खाशाबा काढले, मागं लाल मातीत कुस्ती धरलेली जोड काढली. वस्ताद बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘‘पोरी, ह्यो कान पैलवानाचा न्हाई.’’ आणि स्वतःचा कुस्तीत मोडलेला, गाठाळलेला कान पुढं केला. मी त्याच्याकडं बघूनच त्या जोडीचे कान पुन्हा काढले. देश वगैरे म्हणतो ते माझ्या मते त्या कानात आहे.

मग पोरं आली. ‘‘ताई, मेस्सी पण पायजे.’’ वर्ल्ड कप आला की आमच्याकडं एक गल्ली अर्जेंटिनाची, पलीकडची ब्राझीलची होते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. काही वडीलधारे रागावले, आपल्या भिंतीवर परका खेळाडू कशाला म्हणून. मला तसं वाटलं नाही. भारत फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये एकदाही खेळलेला नाही. १९५० मध्ये जागा मिळाली होती, पण संघ गेलाच नाही. ज्या गावात पेठापेठांत फुटबॉलचे संघ आहेत, तिथल्या पोरांनी आपली हौस कुठं न्यायची? मेस्सी खाशाबांच्या शेजारी उभा राहिला तर त्या पोरांचं म्हणणं नीट वाचता येतं: आम्हालाही तिथं जायचंय. तेही देशाबद्दलच आहे.

गेल्या पावसाळ्यात ती भिंत ओल धरून सोलवटली. कुणी सांगायच्या आत पोरांनी वर्गणी काढून निळ्या-पांढऱ्या रंगाचे डबे आणले आणि मेस्सीची जर्सी स्वतःच भरली. खाशाबा आणि त्या जोडीचे कान माझ्यासाठी ठेवले होते. ते मी वस्तादांना समोर खुर्चीवर बसवून पुन्हा काढले.