जुळे सोलापूरचं घर: ठेवायचं की विकायचं?

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं. वडिलांनी २००३ साली साडेचार लाखांना घेतलेलं जुळे सोलापुरातलं घर आता आईच्या नावावर आहे. आई, वय ६८, पुण्यात तुमच्याजवळ राहते. भाडं महिना ९,५००, मामा दर महिन्याला जाऊन रोख आणतात. एजंट ४० लाख सांगतो. विकावं का?

विकावं, असं माझं मत आहे. पण लगेच नाही.

वर्षाचं भाडं १,१४,०००. तुम्हीच लिहिलेला खर्च वजा करू: मिळकत कर ११,०००, मोटार-टाकी-गळती १८,०००, एक महिना घर रिकामं ९,५००, तुमच्या दोन फेऱ्या ६,०००. उरले ६९,५००. चाळीस लाखांवर हे पावणेदोन टक्केही भरत नाहीत. शिवाय रोज पाणी न येणाऱ्या गावात मोटार बिघडली की भाडेकरूचा पहिला फोन मामांना जातो. त्यांची ही धावपळ हिशेबात कुठेच धरलेली नाही, आणि मला तीच सर्वात जास्त खुपते.

विकल्यावर नफ्यावर १२.५ टक्के दराने, सेस धरून, साधारण ४.६ लाख कर बसेल. उरलेल्यातले ३० लाख आईच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आणि व्याज ८.२ टक्के धरलं, तर वर्षाला २,४६,००० होतात. दर तीन महिन्यांनी ६१,५०० आईच्या खात्यात, कुणाच्या दारात न जाता. कर वाचवायला भांडवली नफ्याचे रोखे आहेत, पण त्यात पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याजही कमी. या वयात मी कर भरणं पसंत करेन.

लगेच का नको? भाडेकरूशी तुमचा करार नुसता नोटरीचा आहे, नोंदवलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं. घर रिकामं मिळण्यावरून वाद निघाला तर गिऱ्हाईक थांबणार नाही. म्हणून आधी ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवा. आधार आणि अंगठ्यावर काम होतं, आईला प्रवास नको. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्या. भाडं थेट आईच्या खात्यात येऊ द्या. विजेची थकबाकी महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून दर महिन्याला बघा, नाहीतर भाडेकरू गेल्यावर ती तुमच्या गळ्यात पडते.

या ११ महिन्यांत आईशी बोला. तिला खरंच सोलापुरात परत राहायचं असेल तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा, घर ठेवा. पण नुसतं गड्ड्याच्या यात्रेला चार दिवस जायचं असेल, तर मामांचं घर आहेच. विचारताना आकडे काढू नका. तिला काय हवंय तेवढंच विचारा, आणि मामांनाही त्या वेळी जवळ बसवा.