मोंटोयाची शपथ आणि साठावरचे अकरा शतांश

प्रश्न : २००९ च्या ब्रिकयार्ड ४०० या मोटारशर्यतीवरून माझी आणि अमेरिकेतल्या माझ्या भाच्याची अजून जुंपते. इंडियानापोलिसला हुआन पाब्लो मोंटोया हा ड्रायव्हर १६० पैकी ११६ लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) आघाडीवर होता, पाच सेकंदांहून जास्त पुढे. ३५ लॅप राहिले असताना पिट रोडवर, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या बाजूच्या रस्त्यावर, वेग जास्त म्हणून दंड झाला आणि गडी अकरावा आला. रेडिओवर त्यानं बायकोमुलांची शपथ घेऊन सांगितलं की मी मर्यादेतच होतो. भाचा म्हणतो, यंत्र खोटं बोलत नाही. मी म्हणतो, बाप पोरांची खोटी शपथ घेत नाही. तुम्हीच काय तो निकाल द्या. – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्हा दोघांचंही बरोबर असू शकतं. माझी सगळी नोकरी पुण्यात गाड्यांचे वेगमापक तपासण्यात गेली, त्यामुळे या भांडणात मला जरा जास्तच रस आहे.

आधी आकडे बघू. तिथं पिट रोडची मर्यादा होती ताशी ५५ मैल. नॅस्कार, म्हणजे या शर्यती भरवणारी अमेरिकन संस्था, त्यावर ५ मैलांची सूट देते, म्हणजे ६० पर्यंत कुणी हटकत नाही. पिट रोडवर वेग टप्प्याटप्प्यानं मोजतात; मोंटोयाचा दोन टप्प्यांत भरला ६०.०६ आणि ६०.११. लोक ओरडले, सहा शतांशासाठी शर्यत घालवली! अहो, पण सहा शतांश ६० च्या वर होते. ५५ च्या वर तो ५ मैल होताच. सवलत आधीच पदरात पडलेली असताना सवलतीवर आणखी सवलत मागायची, हे मला पटत नाही. शिवाय एकाच टप्प्यात वेग जास्त निघाला असता तर मी म्हटलं असतं, बाबांनो, वेग मोजणारी ती रस्त्याखालची तार एकदा तपासा. दोन टप्प्यांत निघाला म्हटल्यावर तो संशय बराच विरतो.

आता शपथेचं. या गाड्यांना स्पीडोमीटर नसतो. ड्रायव्हरपुढे असतो टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा. शर्यत सुरू होण्याआधी पेस कार, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारी गाडी, पिट रोडच्या वेगानं चालते; तिच्यामागे ठरलेल्या गिअरमध्ये चालताना किती फेरे पडतात ते ड्रायव्हर बघून ठेवतो. पुढे पिटमध्ये येताना तेवढेच फेरे धरायचे. समजा फेरे होते ४०००. मग ६० आणि ६०.११ मधला फरक होतो फक्त ७ फेऱ्यांचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्यात टायर. मागच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. हवेचा दाब थोडा चढला आणि घेर ४ मिलिमीटरनं वाढला, की टॅकोमीटर जागचा हलत नाही पण गाडी ६० ची ६०.११ होते. म्हणून मोंटोया खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला दिसत होतं ते त्यानं सांगितलं. पण दंड फेऱ्यांवर नसतो, वेगावर असतो.

माझं भांडण नॅस्कारशी आहे, पण वेगळ्या कारणासाठी. शर्यत चालू असताना प्रेक्षकाला कळलं ते एवढंच की आघाडीच्या गाडीला दंड झाला. आकडे बाहेर आले ते जिमी जॉन्सन जिंकून मोकळा झाल्यावर. तोवर ‘ठरवून केलं’ म्हणणाऱ्यांना रान मोकळंच. मी प्रयोगशाळेत कुणाचं मीटर नापास केलं तर मोजणीचा कागद त्याच क्षणी हातात देत असे. समोरचा चिडायचा, पण वाद आकड्यावर व्हायचा, माझ्या हेतूवर नाही.

प्रश्न : पण वेग मोजतात तरी कसा? रडार गन लावून? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. २००५ पूर्वी अधिकारी हातात स्टॉपवॉच घेऊन मोजत. त्यांचं अंगठ्याचं बटण आणि ड्रायव्हरचं नशीब! २००५ पासून पिट रोडच्या फरसबंदीखाली तारांची वेटोळी असतात आणि गाडीत ट्रान्सपाँडर, म्हणजे संकेत पाठवणारं छोटं यंत्र. एका रेषेपासून दुसरीपर्यंत किती वेळ लागला, त्यावरून सरासरी वेग निघतो. समजा टप्पा ४४० फुटांचा आहे. ६० नं तो बरोब्बर ५ सेकंदांत संपतो, ६०.११ नं ४.९९१ सेकंदांत. म्हणजे सारा तंटा सेकंदाच्या ९ हजारांशांचा.

मात्र ‘सरासरी’ आली की पळवाट आलीच. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आता दोन कॅमेऱ्यांमधली सरासरी काढून चलान येतं. पण मध्ये फूड मॉलला थांबून वडापाव खाल्लात तर पुढे बेफाम हाकली तरी सरासरी सज्जनच दिसते. पिट रोडवर हेच चालतं. ज्या टप्प्यात आपला पिट स्टॉल (संघाची थांबायची जागा), तिथं गाडी टायर बदलायला काही सेकंद उभीच असते. त्यामुळे स्टॉलच्या आधी आणि नंतर, रेषा येईपर्यंत, ॲक्सिलरेटर दाबून घ्यायचा. म्हणूनच स्टॉल निवडताना संघ रेषा कुठं आहेत ते आधी बघतात, आणि निवडीचा क्रम लागतो क्वालिफाइंगवरून, म्हणजे शर्यतीआधीच्या वेगचाचणीवरून. पुढे नॅस्कारनं रेषा वाढवून टप्पे आखूड केले, तेव्हा ही मोकळीक बरीच आटली. मला विचाराल तर ही लबाडी नव्हे. नियम जसा लिहिलाय तसा वाचणं आहे.

प्रश्न : एवढी कटकट कशाला? पिटमध्येही जोरात जाऊ द्या की! – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : १९९० पर्यंत जातच होते. त्या नोव्हेंबरात अटलांटाला रिकी रडची गाडी पिटमध्ये घसरत जाऊन बिल एलियटच्या गाडीवर आदळली. एलियटचा मागचा टायर बदलणारा माइक रिच त्यात गेला. १९९१ पासून पिट रोडवर वेगाचे नियम आले.

प्रश्न : मोंटोयानं नंतर ती शर्यत जिंकली का? – ठाण्याचेच वाचक, दुसरं पत्र

उत्तर : नाही. २०१० मध्येही सर्वांत जास्त लॅप तोच आघाडीवर होता. शेवटच्या थांब्यात त्याच्या संघानं चार टायर बदलले, पुढच्यांनी दोनच. तो गर्दीत अडकला, गाडी ठोकली आणि ३२ वा आला. जिंकला त्याचाच सहकारी जेमी मॅकमरे. इंडी ५०० (इंडीकार या वेगळ्या प्रकारच्या गाड्यांची शर्यत) मात्र मोंटोयानं त्याच ट्रॅकवर २००० मध्ये जिंकली होती, ती २०१५ मध्ये पुन्हा जिंकली. भाच्याला हेही सांगा की इंडीकारच्या स्टिअरिंगवर पिट लिमिटरचं, म्हणजे पिटमधला वेग मर्यादेतच धरून ठेवणारं, बटण असतं.