आठ पूर्ण, की आठवं लागलंय?

"दादा, इन्फिनिऑनची ऑस्ट्रियातली ऑफर आहे. कंपनी भक्कम आहे ना? बायको आणि आठ वर्षांची मुलगी सोबत येतील. फार एकटं वाटतं का?" तुझा हा मेसेज काल रात्री वाचला आणि झोप उडाली. तुझ्यामुळे नाही, 'आठ वर्षांची' ह्या शब्दांमुळे.

व्हिसा, टॅक्स, विमा हे सगळं सरकारी साइटवर आहे, तिथे वाच. कंपनीचं मी सांगतो. इन्फिनिऑन म्हणजे चिप बनवणारी जर्मन कंपनी. मी त्यांच्या पगारावर नाही, फॅबमधल्या, म्हणजे चिपच्या कारखान्यातल्या, मशिनांची देखभाल करणाऱ्या दुसऱ्याच कंपनीत आहे, त्यामुळे गोडवे गायचं कारण नाही.

नाशिकच्या अंबडला तुम्ही मोटरच्या ड्राइव्हच्या पॅनेलमध्ये आयजीबीटी मॉड्यूल (मोठा करंट चालू-बंद करणारा चिपचा ठोकळा) बसवता ना, जे उडालं की मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो? तसल्या मालावर ह्यांचं पोट आहे. मोबाइलचे प्रोसेसर हे करत नाहीत. पॉवर चिप, गाड्यांचे मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, कार्डावरच्या सुरक्षा चिप, असा धंदा. 1999 मध्ये सीमेन्समधून वेगळे झाले, 2020 मध्ये अमेरिकेची सायप्रेस ही चिप कंपनी घेतली. तू येणार असशील त्या व्हिलाखला (म्हणायचं फिलाख) 2021 मध्ये 1.6 अब्ज युरोंचा फॅब सुरू झाला, 300 मिलिमीटरच्या पातळ वेफरचा (वेफर म्हणजे सिलिकॉनची गोल चकती, तिच्यावर चिप बनतात). पातळच का? पॉवर चिपमध्ये करंट वेफरच्या आरपार, वरून खाली जातो. जाडी कमी केली की रोध कमी, मग गरम होणंही कमी. 2024 मध्ये ह्यांनी 20 मायक्रॉनपर्यंत मजल मारली, म्हणजे केसाच्या पाव जाडीचं सिलिकॉन. असलं वेफर कागदासारखं वाकतं, आणि मशिनने जरा वेडंवाकडं उचललं की रात्री अडीचला फोन मला येतो.

आता भक्कमपणा. संशोधनावर वर्षाला 2 अब्ज युरोंच्या आसपास खर्च आणि जर्मनीत ड्रेस्डेनच्या नव्या फॅबवर 5 अब्ज. पण 2024 च्या ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या: मलेशियात कुलिमला सिलिकॉन कार्बाइडचा (सिलिकॉनऐवजी वापरायचा पदार्थ) नवा फॅब सुरू, आणि जगभरात 1,400 नोकऱ्या कमी, शिवाय तेवढ्याच स्वस्त देशांत हलवणार. म्हणून कंपनी टिकेल का हे विचारू नकोस, तुझी लाइन कोणती ते विचार. फिलाखला गॅलियम नायट्राइडच्या (असाच दुसरा पदार्थ) चिप 300 मिलिमीटरच्या वेफरवर आणायचं काम चालू आहे. तसल्या विकासाच्या कामावर घेत असतील तर बिनधास्त ये. नुसतं रुटीन काम असेल तर दहादा विचार कर. आपल्या अंबडच्या क्रॉम्प्टनवाल्यांचा, सीजीचा, चिप पॅकेजिंगचा प्रकल्प गुजरातेत साणंदला आहे. तिथे वेफर बनत नाहीत, बाहेरून आलेल्या चिप कापून, जोडून, तपासून द्यायच्या. पण नोकरी ती नोकरीच.

कागदपत्रांचं एकच सांगतो, बाकीचं आठवलं की डोकं फिरतं. अपोस्टिलसाठी (कागद परदेशात चालावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का) पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला चार फेऱ्या मारल्या, ते सोड. इथल्या ऑफिसात बाईंनी तिघांचे पासपोर्ट समोर मांडले. संदीप वसंत, मीनल संदीप, आरव संदीप. "ह्यातला संदीप नेमका कोण?" मी तोडक्या जर्मनमध्ये वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव वगैरे समजावत बसलो. बायकोचं माहेरचं नाव लग्नाच्या दाखल्यावर, पासपोर्टवर सासरचं. दोघी एकच हे पटवायला सात आठवडे गेले. हे नाशिकहून निघायच्या आधी निस्तर.

एकटेपणा? असतो. पहिले दोन हिवाळे जातात, मग माणूस सरावतो. मिसळ घरी करायची, रस्सा काही जमत नाही, चालायचंच. पुढे.

मुलगा 2018 च्या उन्हाळ्यात आला तेव्हा आठ पूर्ण होता. त्याच सप्टेंबरपासून नियम आला: जर्मन न येणाऱ्या पोरांना आठवड्याला 15 तास वेगळ्या वर्गात बसवायचं. गंगापूर रोडच्या शाळेत गणितात पहिला येणारा पोरगा इथे फळं आणि रंग ओळखत बसला. आणि इथे दहाव्या वर्षी पोरांच्या वाटा फुटतात, गिम्नाझियम (पुढे विद्यापीठाकडे नेणारी शाळा) किंवा मिटेलशूल (साधी माध्यमिक शाळा). बाईंनी मला बोलावलं आणि बरंच काही हळू आवाजात सांगितलं. मला अर्धंच कळलं. पण मी आठ तास नवीन मशिन लावून गेलो होतो, लाज वाटत होती, म्हणून "या, या" (जर्मनमध्ये हो, हो) करत हसत सही केली. घरी येऊन ट्रान्सलेटरवर टाकलं तेव्हा कळलं. "इथे तो जास्त आनंदी राहील," असं मिटेलशूलबद्दल लिहिलं होतं.

आज तो पंधरा वर्षांचा आहे, टेक्निकल शाळेत शिरलाय, जर्मन माझ्यापेक्षा दसपट चांगली बोलतो. लोक म्हणतात, झालं की शेवटी चांगलं. त्या सहीबद्दल तो एकदाच बोलला, तेही जर्मनमध्ये, मीनलशी. मी बाजूच्या खोलीत होतो, आणि तोवर मला कळत होतं.

बाकी सगळं सोड, जर्मनचं काम आधी कर, असं तुला सांगायला बसलो होतो. बायकोनेही शिकावं, तुझ्याआधी. आणि मुलगी पहिलीत बसेल इतकी लहान असती तर मी दोन ओळीत उत्तर संपवलं असतं.

दहाव्या वर्षाच्या त्या वाटांना किती वेळ उरलाय ते ह्यावर ठरतं, म्हणून तेवढं कळव: आठ पूर्ण, की आठवं लागलंय?